ईटीपी सोडून काळा कोट घालू का?

पत्र : वय २९, बी.एस्सी. रसायनशास्त्र. बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सहा वर्षं ईटीपीत, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्रात, केमिस्ट आहे. दुपारची शिफ्ट घेऊन सकाळच्या कॉलेजातून एलएल.बी. केलं, निकाल नुकताच लागला. प्रदूषणाचे खटले चालवायची इच्छा आहे. पण हरित लवाद बसतो पुण्याला. नागपुरात राहून या वकिलीवर पोट भरतं का? आधी एलएल.एम. करू का? कंपन्यांकडून उभी राहू की गावाकडून? आणखी एक. माझ्या मामांचं शेत वीज केंद्राच्या एका राखेच्या बंधाऱ्याला लागून आहे. गेल्या पोळ्याला, मारबतीच्या सुमारास विहिरीचं पाणी खारट झालं, धान पिवळं पडलं. मामा म्हणतात, 'तू वकील झाली ना व बाई, मंग आपल्याच विहिरीपासून सुरू कर ना.' दिवाळीत मी ते पाणी कोल्ड्रिंकच्या बाटलीत आणून आमच्या कंपनीच्या लॅबमध्ये तपासलं. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) २,४०० आलं. केस मजबूत आहे ना?
– एक वाचक, नागपूर

उत्तर :

विहिरीचं आधी बोलू. करिअरचा निर्णय दोन महिने लांबला तर काही बिघडत नाही, विहिरीचा लांबला तर बिघडतं.

केस मजबूत नाही. पाणी खराब झालं असेलही, पण तुमच्या हातातला कागद ते सिद्ध करत नाही. कोल्ड्रिंकच्या बाटलीत राहिलेल्या अंशाने टीडीएस किती बदलला, हे समोरचा वकील विचारणारच नाही. तो 'बाटलीत आधी काय होतं?' एवढंच विचारून खाली बसेल. बाटलीला सील नाही. नमुना कधी, कुठून, कोणासमोर घेतला याची चिठ्ठी नाही. विहिरीपासून लॅबपर्यंत ती कोणाच्या हातून गेली याची नोंद नाही. लॅब कारखान्याची स्वतःची. तिथल्या रजिस्टरमध्ये हा नमुना चढवला असेल तर मालकासमोर तुमची अडचण, चढवला नसेल तर अहवालाची.

याहून मोठी गोम वेगळीच आहे. नमुना तुम्ही स्वतः घेतला. ज्या प्रकरणात आपल्याला साक्षीदार व्हावं लागेल असं वाटण्यास कारण आहे, ते प्रकरण वकिलाने घेऊ नये, असा बार कौन्सिलचा आचारनियम आहे. तो अहवाल फाइलला लावला की तुम्ही साक्षीदार होता, मामांच्या वकील राहत नाही. म्हणून तो बाजूला ठेवा. नव्या तपासणीत काय-काय मागायचं हे ठरवण्यापुरता त्याचा उपयोग करा, आणि पुढचा नमुना प्रयोगशाळेच्या माणसालाच घेऊ द्या.

आता तारखा. राष्ट्रीय हरित लवाद कायदा २०१० चा. त्याच्या कलम १४ खाली, म्हणजे 'हे थांबवा, कायदा पाळायला लावा' या मागणीसाठी, वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने मिळतात. पुरेसं कारण दाखवलं तर आणखी ६० दिवस. त्यापुढे लवादालाही मुदत वाढवता येत नाही. कलम १५ खाली नुकसानभरपाई आणि जमीन-पाणी पूर्ववत करून घेण्यासाठी पाच वर्षं, वर ६० दिवस. पर्यावरण मंजुरीसारख्या आदेशाविरुद्ध कलम १६ चं अपील असेल तर फक्त ३० दिवस, वर ६०.

मारबत ऑगस्टच्या उत्तरार्धात धरली तर मामांचे कलम १४ चे सहा महिने फेब्रुवारीच्या उत्तरार्धात भरतात. कायद्यातला 'पहिल्यांदा' हा शब्द फार महागात पडतो. नवे वकील तक्रारअर्ज देतात, मग स्मरणपत्र, मग दुसरं स्मरणपत्र, आणि मुदत शेवटच्या अर्जापासून मोजतात. अर्ज देत राहिल्याने मुदत वाढत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज टाकून वाट पाहत बसणं हाही तसलाच सापळा आहे. उत्तराला ३० दिवस, नाही आलं तर पहिलं अपील, त्याच्या निकालाला ३० ते ४५ दिवस. अडीच महिने असेच जातात. म्हणून माहिती अधिकार, नमुना आणि मसुदा ही तिन्ही कामं एकाच आठवड्यात सुरू होतात. एकापाठोपाठ एक नाही.

मसुद्यात गळती थांबवण्याची मागणी आणि धानाची, विहिरीची भरपाई वेगवेगळी मांडा. दोन्हींच्या तारखा वेगळ्या लिहा. एकत्र कालवल्या की कलम १४ ची मुदत हुकल्याचा आक्षेप कलम १५ च्या दाव्यालाही चिकटवला जातो आणि सहा महिने त्यावरच युक्तिवाद होतो. शुल्क जड नाही. भरपाई मागितली नसेल तर १,००० रुपये, मागितली असेल तर रकमेच्या एक टक्का, किमान १,०००. दहा लाखांच्या दाव्याला १०,०००. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही नाही.

नमुन्याच्या बाबतीत तुम्ही केमिस्ट असल्यामुळे पुढचं सगळं ओळखीचं वाटेल. अवघड आहे ते शेतात उभं राहून करणं. मोटार असेल तर १०-१५ मिनिटं पाणी वाहू द्या, नंतर भरा. मोटार नसेल तर काठावरचा तवंग टाळून पृष्ठभागाखालून घ्या. धातूंसाठी प्लॅस्टिकची बाटली आणि नायट्रिक आम्ल टाकून पीएच २ च्या खाली. इथे नेहमीची चूक अशी की गढूळ पाण्यात आधी आम्ल पडतं, गाळातले धातू विरघळतात आणि आकडा फुगतो. विरघळलेले धातू हवे असतील तर आधी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढा, मग आम्ल टाका. फुगलेला आकडा आज आनंद देतो आणि उलटतपासणीत फुटतो. जिवाणूंची तपासणी मागणार असाल तर निर्जंतुक बाटली, आणि ती विसळायची नाही. सगळ्या बाटल्या बर्फाच्या पेटीत.

मागायचे घटक : पीएच, टीडीएस, कठीणपणा, सल्फेट, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड, बोरॉन, आर्सेनिक, सेलेनियम, पारा, शिसं, क्रोमियम. राखेतून झिरपणाऱ्या पाण्यात सल्फेट आणि बोरॉन हे बोलके घटक. मग क्लोराइड-नायट्रेट कशाला? कारण समोरून 'हे गोठ्याचं आणि शेणखताचं पाणी आहे' हे उत्तर येणारच. नायट्रेट ४५ च्या आत आणि सल्फेट, बोरॉन चढलेले असतील तर ते उत्तर तिथेच पांगळं होतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, लिटरला टीडीएस ५०० मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत. सल्फेट २००, तसंच ४०० पर्यंत. नायट्रेटला अशी सवलत नाही. तुमचा २,४०० चा आकडा या मानकाबाहेर आहे, पण एकटा टीडीएस 'खारं पाणी' एवढंच सांगतो, 'कुणाचं' ते सांगत नाही.

प्रयोगशाळा निवडताना भिंतीवरचं एनएबीएलचं (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या मंडळाचं) प्रमाणपत्र पाहून परतू नका, सोबतची व्याप्तीची यादी मागा. पाण्यातला बोरॉन किंवा सेलेनियम त्या यादीत नसेल तर त्या घटकापुरता अहवाल मान्यतेबाहेरचा. ग्रामपंचायतीमार्फत भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेतही पिण्याच्या पाण्याचा नमुना देता येतो. घटक कमी मिळतील, पण तारखेचा सरकारी कागद मिळतो. त्याचं वजन वेगळं.

प्रत्येक बाटलीला चिठ्ठी, सही, सील. जागेवर दोन शेजारी आणि जमलं तर पोलीस पाटील यांच्या सह्यांचा साधा पंचनामा. फोटो मोबाइलवर काढाल तर मूळ फाइल त्याच फोनमध्ये राहू द्या. व्हॉट्सॲपवरून फिरवलेल्या फोटोतून वेळ-ठिकाणाची माहिती गळून जाते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागेल आणि त्यावर फोनच्या मालकाची सही लागेल, म्हणून फोटो मामांच्याच फोनवर काढा. तुमच्या नाही. कारण वर आलंच आहे.

एका विहिरीचा अहवाल म्हणजे निम्मी केस. विदर्भात 'हे नैसर्गिक आहे' हा बचाव पोकळ नसतो. चंद्रपूर-यवतमाळकडे फ्लोराइड खडकातून येतं, पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा कोणत्याही कारखान्याच्या आधीपासून खारा आहे. म्हणून किमान चार विहिरी घ्या. एक बंधाऱ्याच्या वरच्या अंगाची, तीन खालच्या अंगाच्या, वाढत्या अंतरावर. एकच दिवस, एकच प्रयोगशाळा, एकच पद्धत. प्रत्येक विहिरीत काठापासून पाणी किती खोल आहे ते टेपने मोजा, आणि काठांची उंची एका पातळीवर आणून भूजल कुठून कुठे वाहतं ते नकाशावर दाखवा. वरच्या विहिरीत सल्फेट ६०, बंधाऱ्याजवळ ५२०, पुढे ३१०, त्यापुढे १४० असं चित्र मिळालं (आकडे समजण्यापुरते) तर लवादासमोर बोलायला फारसं उरत नाही. उन्हाळ्याअखेर आणि पावसाळ्यानंतर हेच पुन्हा करा. जुलै २०२२ मध्ये कोराडी वीज केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला तेव्हा राख शेतांत आणि नाल्यांत पसरली. अशा वेळी पुढचे दोन मोठे पाऊस निम्मा पुरावा धुऊन नेतात. तिथे तर दुसऱ्याच दिवशी नमुने घ्यावे लागतात.

धानाचं नुकसान 'पीक गेलं' एवढं लिहून मिळत नाही. सातबारा, त्या हंगामाच्या ई-पीक पाहणीतली धानाची नोंद, तलाठी आणि कृषी सहायकाचा पंचनामा, आणि आधीच्या तीन वर्षांच्या धान खरेदी केंद्राच्या पावत्या. घट या पावत्यांवरूनच निघते. मातीची क्षारता तपासून घ्या. कडा करपलेली पानं आणि पोचट लोंब्या यांचे फोटो ज्या बांधीचे (धानाच्या खाचराचे), तिचा गट नंबर फोटोखाली लिहा.

लवादात बहुतेक वेळा सुरुवातीच्याच तारखेला संयुक्त समिती नेमली जाते : केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ, राज्याचं मंडळ आणि जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी. ती गावात येईल त्या दिवशी तुमचा माणूस चारही विहिरींच्या यादीसह हजर हवा. वरच्या अंगाची विहीर समितीने घेतली नाही तर तिथल्या तिथे लेखी द्या. अहवाल आला आणि चूक दिसली तर शपथपत्रावर हरकत घ्या. समितीने तथ्यं सांगायची, निवाडा लवादाने स्वतः करायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने एकाहून अधिक वेळा बजावलं आहे. पण हरकतच नोंदवली नसेल तर ते वाक्य काही कामाचं नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. पुणे साधारण ७०० किलोमीटर, आणि भोपाळचं खंडपीठ त्याच्या निम्म्यावर असूनही आपलं नाही. महाराष्ट्राचं अधिकारक्षेत्र पुण्याकडेच. पण दाखल करणं ऑनलाइन आहे आणि सुनावणी व्हिडिओवरून होऊ शकते, त्यामुळे दर तारखेला रात्रीची गाडी पकडायची गरज उरलेली नाही. शिवाय या कामाचा मोठा भाग पुण्यात होतच नाही. तो होतो सिव्हिल लाइन्समध्ये. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय तिथेच, उच्च न्यायालयाचं खंडपीठ तिथेच, जिल्हा न्यायालयही तिथेच. नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचं मुख्यालय नागपुरात, वेकोलि या कोळसा कंपनीचं नागपुरात. कोराडी-खापरखेड्याची वीज केंद्रं, उमरेड-कामठीच्या कोळसा खाणी, बुटीबोरी, हिंगणा, कळमेश्वर, भांडेवाडीचा कचरा, नाग नदी. विषयांचा दुष्काळ या शहराला नाही.

पोट कशावर भरतं तर कन्सेंटवर, म्हणजे कारखान्याला मंडळाकडून लागणाऱ्या संमतीवर. स्थापनेची संमती, चालवण्याची संमती, नूतनीकरण, कारणे दाखवा नोटिशीचं उत्तर, प्रादेशिक अधिकाऱ्यासमोरची सुनावणी, बँक गॅरंटी जप्त होऊ नये म्हणूनचं पत्र. कंटाळवाणं काम आहे, पण कारखान्याचं महिन्याचं बिल याच कामातून निघतं. त्यात जलकायद्याच्या, म्हणजे जलप्रदूषण रोखण्याच्या कायद्याच्या, कलम ३३अ खाली बंदचा आदेश आला की धावपळ, कारण वीज आणि पाणी तोडायचे निर्देश त्याच आदेशात असतात. संमती नाकारली तर कलम २८ खाली ३० दिवसांत अपील प्राधिकरणाकडे, ३३अ च्या आदेशाविरुद्ध मात्र थेट लवादाकडे. हे दोन रस्ते नवखे हमखास उलटे घेतात.

उच्च न्यायालयाचं दार लवादामुळे बंद झालेलं नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खालचे त्याचे अधिकार अबाधित आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. पण मंडळ किंवा पालिका आपलं काम करत नाही, असा सरळ मुद्दा असेल तरच तिकडे जा. पाण्याचे आकडे मोजायला लावणारा वाद असेल तर 'लवादाकडे जा' हे ऐकून परत याल. नागपूर खंडपीठ बातम्यांवरून स्वतःहून जनहित याचिका घेतं आणि न्यायालयीन मित्र (कोर्टाला मदत करणारा वकील) नेमतं. तिथे ज्येष्ठांना मदत करणं ही नव्या वकिलाला मिळणारी उत्तम शाळा. लग्नसराईतले लॉन आणि त्यांचे डीजे हेही विसरू नका. निवासी भागात रात्री दहानंतर मर्यादा ४५ डेसिबल, दिवसा ५५. फी लहान, पण काम लवकर संपतं आणि लोक नाव लक्षात ठेवतात.

तुमची खरी पुंजी सहा वर्षांच्या ईटीपीत आहे, हे तुमच्या पत्रात कुठेच आलं नाही. वकिलांपैकी फार थोड्यांना ईटीपीचं लॉगबुक वाचता येतं. समजा एरेशन टँकवर, म्हणजे सांडपाण्यात हवा सोडायच्या टाकीवर, १० अश्वशक्तीचा ब्लोअर आहे आणि लॉगबुक म्हणतं, २४ तास चालू. पूर्ण भाराला तो तासाला साधारण साडेसात युनिट खातो, म्हणजे दिवसाला १८०, महिन्याला ५,४००. भार कमी धरला तरी ४,००० च्या खाली येऊ नये. ईटीपीच्या स्वतंत्र मीटरवर महिन्याचे ९०० युनिट दिसले तर ब्लोअर दिवसाला चार-सहा तासांहून जास्त चाललेला नाही, लॉगबुक कुणीतरी एका बैठकीत भरलंय. चुना-फिटकरीची बिलं, स्लज म्हणजे उरलेला गाळ पाठवल्याच्या पावत्या (मॅनिफेस्ट), एमआयडीसीचं पाण्याचं बिल आणि आउटलेटचं फ्लोमीटर यांचा मेळ घाला. आत आलेलं पाणी कुठेच बाहेर पडलेलं दिसत नसेल तर बायपास लाइन शोधायची. ही नजर कॉलेजात मिळत नाही. गावाच्या बाजूने ती हत्यार आहे. कारखान्याच्या बाजूने असाल तर नोटीस येण्याआधीच मालकाला हे दाखवून देता येतं, आणि त्याचे पैसे तो खुशीने देतो.

मंडळाने घेतलेला नमुना असेल तर नजर जलकायद्याच्या कलम २१ वर. जागेवरच नोटीस दिली का, कारखान्याच्या माणसासमोर नमुन्याचे दोन भाग केले का, दोन्ही सीलबंद करून दोघांच्या सह्या झाल्या का, एक भाग ताबडतोब प्रयोगशाळेत गेला का. ही प्रक्रिया पाळली नसेल तर तो अहवाल पुरावा म्हणून चालत नाही, असं कलमातच लिहिलंय. कारखान्याचे वकील पहिला घाव इथेच घालतात. गावाकडून उभ्या असाल तर मंडळाच्या अहवालावर एकट्यावर विसंबू नका, ते याचसाठी.

दंडाच्या हिशेबाचंही तेच. पर्यावरणीय भरपाईसाठी केंद्रीय मंडळाचं सूत्र पाच आकड्यांच्या गुणाकाराचं आहे : प्रदूषण निर्देशांक, दिवस, रुपयांचा घटक, उद्योगाचा आकार, ठिकाण. हिंगण्यातला लाल (सर्वाधिक प्रदूषणाच्या) श्रेणीतला मोठा कारखाना घेऊ. ८० गुणिले २५० म्हणजे २०,०००. मोठा उद्योग म्हणून दीडपट, ३०,०००. दहा ते पन्नास लाखांच्या शहरालगत म्हणून सव्वापट, ३७,५००. हे एका दिवसाचे. ६० दिवसांचे साडेबावीस लाख. भांडण बाकीच्या आकड्यांवर होत नाही, 'दिवस' या एका आकड्यावर होतं. उल्लंघन कोणत्या तारखेला दिसलं आणि दुरुस्ती कोणत्या तारखेला तपासली गेली. दुरुस्ती झाली त्या दिवशीच मंडळाला पत्र देऊन पुनर्तपासणी मागितली नाही तर मीटर फिरतच राहतो.

पाठ्यपुस्तकं जपून वाचा. जनविश्वास कायद्यानंतर, १ एप्रिल २०२४ पासून, हवा कायदा आणि पर्यावरण संरक्षण कायद्यातल्या बहुतेक उल्लंघनांची शिक्षा तुरुंगाऐवजी निर्णय अधिकाऱ्याने ठरवायचा दंड झाली आहे, १०,००० ते १५ लाख. जलकायद्याची २०२४ ची दुरुस्ती राज्याच्या विधिमंडळाने ठराव केल्यावरच त्या राज्यात लागू होते. म्हणून नोटीस लिहायच्या दिवशी स्थिती तपासायची, पाठ आहे म्हणून लिहायचं नाही.

कारखाना की गाव? दोन्ही चालतं, एकाच वादात नाही. ज्याला एकदा सल्ला दिला किंवा ज्याचा मसुदा लिहिला, त्याच वादात त्याच्याविरुद्ध उभं राहता येत नाही. तुमच्या आताच्या मालकाविरुद्ध तर कधीच घेऊ नका, तिथली आतली माहिती तुमच्या डोक्यात आहे. पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा : कोण भेटलं, कशाबद्दल, काय सांगितलं. बुटीबोरीत सगळे सगळ्यांना ओळखतात. सुरुवातीला कन्सेंटच्या कामावर घर चालवावं आणि गावाकडचं एका वेळी एकच प्रकरण हाती घ्यावं, हे बरं. गावाची केस तिप्पट वेळ खाते. लवादाचं कामकाज इंग्रजीत, आणि ग्रामसभेचा ठराव, पंचनामा, सातबारा मराठीत. 'चिबड', 'पोचट', 'बांधी' यांचं नेमकं भाषांतर तुम्हालाच करावं लागेल, टायपिस्टवर सोडलंत तर 'बांधी'चं धरण होतं.

फीबद्दल एक धोक्याची जागा. मामांच्या गावातले लोक म्हणतील, 'आता पैसे नाही, भरपाई मिळाली का त्यातले टक्के घ्या.' हा व्यवहार वकिलाला निषिद्ध आहे. कमी फी घ्या, हप्त्याने घ्या, पण टक्का नाही. औद्योगिक आपत्तीचे बळी, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो, ते त्यांना सांगा. आणि पाटीवर 'प्रदूषण प्रकरणांचे तज्ज्ञ' लिहू नका, तेही नियमात बसत नाही.

एलएल.एम. आत्ता नको. दोन वर्षांत शिकाल ते जिल्हा न्यायालयात सहा महिने उलटतपासण्या ऐकून आणि मग खंडपीठातल्या एखाद्या ज्येष्ठाकडे दोन वर्षं मसुदे लिहून जास्त पक्कं होईल. कागदाची हौस असेल तर बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यालयाचा दूरशिक्षणाचा पर्यावरण कायदा डिप्लोमा पुरे. ज्युनिअरला मिळणारी रक्कम पेट्रोल आणि झेरॉक्समध्ये जाते, हे गृहीत धरा. किमान दीड वर्षाचा घरखर्च बँकेत नसेल तर नोकरी एवढ्यात सोडू नका. सनद मात्र पूर्णवेळ पगारी नोकरीत असताना चालत नाही. त्यामुळे 'सनद घेऊन ठेवते, नोकरीही चालू ठेवते' हा मधला मार्ग नाही. राजीनामा, कार्यमुक्तीचं पत्र, मग सनदीचा अर्ज. खुल्या प्रवर्गाला नोंदणी शुल्क ७५० रुपयांच्या वर घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ठरवून दिलंय. अखिल भारतीय बार परीक्षा नोंदणीपासून दोन वर्षांत काढायची.

मामांची केस तुमच्या नावावर नको, पुण्यात नियमित उभ्या राहणाऱ्या एखाद्या वकिलाच्या वकालतनाम्यावर जाऊ द्या. तारखांचा तक्ता, विहिरींचा नकाशा आणि घटकांची यादी तुम्ही करून द्या. मंडळाकडून त्या बंधाऱ्याची संमती, तिच्या अटी, मागच्या तीन वर्षांचे पाहणी अहवाल आणि जेव्हीएस (मंडळाने तपासणीसाठी घेतलेल्या) नमुन्यांचे निकाल मागणारा माहिती अधिकाराचा अर्ज मामांच्या सहीने या सोमवारीच टाका, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. जलकायद्याच्या कलम २५(६) खाली संमतीच्या अटींचं रजिस्टर बाधित माणसाला कार्यालयीन वेळेत पाहता येतं. मामांना घेऊन जा आणि पाहण्याचा अर्ज लेखी देऊन त्यावर आवकचा शिक्का घ्या. रजिस्टर दाखवलं नाही तरी शिक्का हातात राहील.